बारा पॉइंटांतली बातमी

२० नोव्हेंबर २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभा मतदानाआधीची मराठी दैनिकं चाळायला घेतली की आधी पहिलं पान शोधावं लागतं. वर पक्षाच्या जाहिरातीचं जॅकेट, ते उलटलं की ‘चुरशीची लढत’, खाली बंडखोरांची नाराजी. मतचाचण्या आणि ‘बाजी कोण मारणार’ छापाच्या मजकुरावर शाई दवडण्यात अर्थ नाही. वाचण्याजोगं काही सापडतं ते आतल्या पानाच्या कोपऱ्यात, उमेदवाराने स्वतःवरचे खटले जाहीर करायच्या नमुना सी-१ मध्ये: उमेदवाराचं नाव, न्यायालय, खटल्याचा क्रमांक, कलमं, सद्यःस्थिती. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालामुळे हे अर्ज माघारीच्या मुदतीनंतर तीनदा छापावं लागतं. टाइप किमान बारा पॉइंटांचा हवा, हेही निवडणूक आयोगाने सांगून ठेवलंय. म्हणजे उमेदवार पदरचे पैसे मोडून स्वतःवरचे गुन्हे जाहीर करतो आणि ज्या दैनिकात ते छापून येतात, त्याला त्यात बातमी दिसत नाही.

या उलट्या कारभाराचं मूळ जुनं आहे. २००९ च्या निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाणांची स्तुती प्रतिस्पर्धी दैनिकांत शब्दशः एकच कशी आली, हे पत्रकार पी. साईनाथांनी दाखवलं. चव्हाणांनी वृत्तपत्रीय जाहिरातींवर दाखवलेला खर्च होता ५,३७९ रुपये. या खर्चाच्या हिशेबावरून आयोगाने काढलेली नोटीस २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात टिकली नाही, पण ती एकसारखी वाक्यं कुठून आली, हा प्रश्न मिटला नाही. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने पैसे घेऊन बातम्या छापण्याच्या ‘पॅकेज’ची पद्धत तपशिलात मांडली, पण कौन्सिलने तो अहवाल दडवून त्रोटक मसुदा पुढे केला. मुळात तालुक्याचा वार्ताहर बातमीही आणतो आणि कमिशनवर जाहिरातही. ज्या उमेदवाराकडून पुरवणीचं बिल वसूल करायचं, त्याचं अर्जासोबतचं मालमत्तेचं आणि खटल्यांचं प्रतिज्ञापत्र उघडण्याचा शहाणपणा त्याने करावा कसा?

जाहिरातीशिवाय अंक निघत नाही, हे खरंच. पण प्रतिज्ञापत्र वाचायला कागद लागत नाही. ते आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. एकाच उमेदवाराची २०१९ ची आणि २०२४ ची प्रतिज्ञापत्रं शेजारी ठेवली की जमीन किती वाढली, कर्ज कुठे गेलं, कोणता खटला पाच वर्षं एकाच टप्प्यावर रेंगाळलाय, हे एका उपसंपादकाला एका दुपारी कळतं. निवडणुकीचं वार्तांकन म्हणावं ते याला. यावर बिनतोड वाटणारा आक्षेप असा, की गुन्हा नोंदला म्हणजे तो सिद्ध झाला नाही. मोर्चा काढणाऱ्यावरही गुन्हे असतात. मान्य. सी-१ च्या तक्त्यात रास्ता रोको आणि खंडणी एकाखाली एक, सारख्याच टायपात बसतात. कोणता गुन्हा लोकांसाठी अंगावर घेतलेला आणि कोणता लोकांवरच केलेला, हे तक्ता सांगू शकत नाही. ते सांगण्यासाठीच वार्ताहर असतो. तो गप्प राहिला की आंदोलक आणि खंडणीखोर मतदाराच्या लेखी एकाच रांगेत उभे राहतात, आणि त्यात फायदा कोणाचा होतो, हे सांगायला मतचाचणी लागत नाही.