स्प्रिट्झची ३:२:१ कृती : काय लिहिलंय आणि काय राहिलंय

पेट, नेट किंवा सेटची तयारी करताना पुनरावृत्तीक्षमतेची व्याख्या तुम्ही पाठ केलीच असेल. दुसऱ्या संशोधकाने तीच पद्धत वापरली, तर निष्कर्षही तसाच यायला हवा. व्याख्या सोपी आहे. पण लिहिलेली पद्धत या कसोटीला उतरते का, हे वाचतावाचता ओळखायचं कसं, ते फारसं कुणी शिकवत नाही. म्हणून आज एक छोटीशी पद्धत घेऊन तिची चिकित्सा करू या : अपेरोल स्प्रिट्झ घरी बनवण्याची. तुम्ही मद्य घेत नसाल तरी काही अडत नाही. पुढचं सगळं गणित कागदावरच करायचं आहे.

स्प्रिट्झ हे उत्तर इटलीतल्या व्हेनेतो भागातलं, जेवणाआधी घ्यायचं फेसाळ, कडसर-गोड पेय. कृती एका ओळीत मावते : बर्फाने भरलेल्या वाइनग्लासमध्ये ३ भाग प्रोसेको, २ भाग अपेरोल, १ भाग सोडा आणि संत्र्याची चकती. मिलीलिटरमध्ये ९०, ६० आणि ३०.

आधी गुण सांगते. ही कृती लक्षात राहते, आणि ती प्रमाणात दिलेली आहे. एक ग्लास करा की दहा, गणित तेच. पद्धत लिहिताना एवढी सुटसुटीत मांडणी जमली, तर निम्मं काम झालं.

आता दोष. पहिल्यांदा मी हे पेय चार मैत्रिणींसाठी केलं, तेव्हा मापं अगदी काटेकोर घेतली होती. तरी हातात आलं ते नारिंगी रंगाचं, पांचट, बुडबुडे मेलेलं सरबत. मी दोष बाटलीला दिला. खरं कारण असं, की तिन्ही बाटल्या टेबलावर ठेवलेल्या होत्या आणि कृतीत तापमानाबद्दल चकार शब्द नव्हता. बर्फ आहे ना, तो करेल गार, असं मी धरून चालले.

बर्फ गार करतो, पण फुकट करत नाही. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता घेतो. एक ग्रॅम पाणी एक अंशाने थंड करायला एक कॅलरी काढून घ्यावी लागते. आपलं पेय १८० मिली. ते २५ अंश सेल्सिअसवरून शून्यापर्यंत आणायचं, तर १८० × २५ म्हणजे ४५०० कॅलरी. भागिले ८०, म्हणजे साधारण ५६ ग्रॅम बर्फ वितळणार. कृतीत पाण्याचा भाग होता ३० मिली सोडा. त्यात ही भर पडली, की तो होतो ८६. मी ३:२:१ बनवायला बसले होते आणि ग्लासात जवळपास ३:२:३ तयार झालं!

तेच साहित्य फ्रिजमध्ये ५ अंशांवर ठेवलं असतं, तर १८० × ५ भागिले ८०, म्हणजे फक्त ११ ग्रॅमच्या आसपास बर्फ वितळला असता.

या हिशेबातही गृहीतकं आहेत, ती उघड मांडायला हवीत. पेय पाण्यासारखंच आहे असं मी धरलं, आणि ग्लासची उष्णता सोडून दिली. बर्फ शून्य अंशाचा धरला. फ्रीझरमधून थेट काढलेला बर्फ त्याहून गार असतो, त्यामुळे वितळणं थोडं कमी होईल. आकडे इकडेतिकडे सरकतील, पण गरम आणि गार बाटल्यांमधला फरक पुसला जाणार नाही. न सांगितलेल्या चलाने सांगितलेलं प्रमाणच बदललं, हा मुद्दा टिकतो.

बुडबुड्यांचंही तसंच. वातावरणाच्या दाबाला एक लिटर पाण्यात शून्य अंशावर सुमारे १.७ लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळतो. २० अंशांवर तो सुमारे ०.९ लिटर होतो, म्हणजे जवळपास निम्मा. कोमट प्रोसेको ओतला की वायू ग्लासात राहण्याआधीच उडतो. बर्फाचा खडबडीत पृष्ठभाग आणि जोरात फिरवलेला चमचा त्याला आणखी पळवतात.

ओतण्याच्या क्रमाला मात्र कारण आहे, फक्त ते कृतीत लिहिलेलं नसतं. साखरेमुळे अपेरोल प्रोसेकोपेक्षा जड असतं. ते आधी ओतलं तर तळाशी बसून राहतं आणि मग ढवळावं लागतं. प्रोसेकोवर ओतलं तर खाली उतरतानाच बरंचसं मिसळतं. मग चमचा एकदा हलकेच फिरवला तरी पुरतो. पद्धतीत क्रम द्या, पण कारणही द्या. कारण माहीत असलेला माणूस क्रम विसरला तरी चुकत नाही.

आता एक उलटी गोष्ट. कोणता आकडा चुकला तर खरंच बिघडतं? अपेरोलमध्ये ११ टक्के अल्कोहोल असतं आणि प्रोसेकोतही साधारण तेवढंच. मग या दोघांचं आपसातलं प्रमाण कसंही बदला, १५० मिलीमध्ये अल्कोहोल १६.५ मिलीच राहणार. एकूण १८० मिलीत ते सुमारे ९.२ टक्के. गोडी-कडवटपणा बदलेल, तीव्रता नाही. पण ‘अपेरोल नसेल तर कांपारी चालेल’ असा सल्ला कुणी दिला तर? कांपारीची तीव्रता देशानुसार बदलते. बाटलीवर २५ टक्के लिहिलं असेल, तर ६० मिलीतून १५ मिली अल्कोहोल येतं आणि पेय १३.८ टक्क्यांवर जातं. रंग साधारण त्याच घराण्यातला, ग्लास तोच, पण पिणाऱ्यावरचा परिणाम दीडपट. पर्याय सुचवताना काय बदलतं हे न सांगणं, ही पद्धतीतली किरकोळ चूक नव्हे.

शेवटचा प्रश्न स्रोताचा. ही कृती ‘मूळ’ म्हणून सांगितली जाते, सोबत ऑस्ट्रियन सैनिकांची गोष्ट येते : इटालियन वाइन त्यांना जड वाटायची, म्हणून ते तीत पाणी घालत. स्प्रिट्झ हा शब्द जर्मन ‘श्प्रिट्सेन’, म्हणजे शिंपडणं, यावरून आला, आणि व्हेनेतोवरची हाब्सबर्ग सत्ता १८६६ मध्ये संपली. गोष्ट खरी मानली, तरी त्या सैनिकांच्या ग्लासात अपेरोल असणं शक्यच नाही, कारण ते १९१९ मध्ये पादोव्हात बाजारात आलं. २००३ मध्ये कांपारी समूहाने ते विकत घेतलं आणि २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या यादीत हे पेय दाखल झालं. व्हेनिसमध्ये १९२० पासूनच्या ‘सिलेक्ट’चा स्प्रिट्झ आजही हिरवं ऑलिव्ह घालून मिळतो. थोडक्यात, ३:२:१ ही अनेक रूपांपैकी एक कृती आहे, आणि जगभर तिचा प्रचार करणारी कंपनी त्यातलाच एक घटक विकते. त्यामुळे कृती खोटी ठरत नाही. पण साहित्य आढाव्यात आपण हितसंबंध तपासतो, मग इथे का सोडायचे?

ही सगळी काथ्याकूट एका पेयासाठी कशाला, असं तुम्ही म्हणाल. माझ्या पद्धतीच्या प्रकरणाच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं : ‘नमुने खोलीच्या तापमानाला ठेवले.’ गाईड मॅडमनी समासात दोनच शब्द लिहिले, ‘कोणती खोली?’ त्या खोलीत एप्रिलमध्ये नोंदी सुरू झाल्या आणि जूनमध्ये संपल्या. तापमान मी कुठेच टिपलं नव्हतं. सहा आठवड्यांच्या नोंदी बाजूला ठेवाव्या लागल्या. पेय बिघडलं तर पुन्हा करता येतं, पण फेलोशिपचे महिने परत मिळत नाहीत.

म्हणून कृती मी अशी लिहीन : प्रोसेको, अपेरोल आणि सोडा किमान चार तास फ्रिजमध्ये ठेवा. ग्लासही गार करा. बर्फाचे मोठे तुकडे काठोकाठ भरा. ९० मिली प्रोसेको ग्लास तिरका धरून ओता, त्यावर ६० मिली अपेरोल, मग ताज्या उघडलेल्या बाटलीतला ३० मिली सोडा. चमचा एकदाच, तळापासून वर. लगेच द्या. अपेरोल बदललं तर बाटलीवरचे टक्के वाचून हिशेब पुन्हा करा.

एका ओळीची कृती पाच ओळींची झाली, हे खरं. पण आता ती तुमच्याकडेही तशीच उतरेल. तुमच्या सिनॉप्सिसमधलं पद्धतीचं पान आज काढा आणि ते तुमच्या विषयाबाहेरच्या एखाद्या मैत्रिणीला वाचायला द्या. ती जिथे ‘म्हणजे किती?’ असं विचारेल, तिथे पेन्सिलीने खूण करा.