फाईलवरील वेळ : लिनक्स कर्नेलमधील कालनोंदींची चिकित्सा

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होऊ घातल्यापासून ‘मिलिसेकंद’ हा शब्द आपल्या जिल्ह्याला परका राहिलेला नाही. या प्रकल्पास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपये खर्चासह मंजुरी दिली. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत टिपली गेलेली पहिली लहर लिव्हिंग्स्टनच्या वेधशाळेत आधी आणि हॅनफर्डच्या वेधशाळेत सुमारे ७ मिलिसेकंदांनी नंतर पोहोचली. लहर आकाशाच्या कोणत्या भागातून आली याचा शोध अशाच फरकावरून सुरू होतो. हे लक्षात घेतले म्हणजे आपल्या टेबलावरील संगणक वेळ कशी नोंदवितो, हा प्रश्न केवळ संगणकशास्त्राच्या अध्यापकाचा उरत नाही. प्रस्तुत लेखात लिनक्स या कार्यप्रणालीच्या कर्नेलमध्ये, म्हणजेच तिच्या गाभ्यात, फाईलच्या कालनोंदीसंबंधी अलीकडे झालेल्या दुरुस्तीची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

फाईलमध्ये बदल झाला की कर्नेल तिच्यावर वेळ नोंदवितो. ही नोंद पूर्ण स्वरूपात पाहिल्यास सेकंदानंतर दशांश चिन्हापुढे नऊ अंक दिसतात. वस्तुतः हे अंक फसवे आहेत. प्रत्येक बदलाच्या वेळी सूक्ष्म घड्याळ वाचणे खर्चिक असल्याने, मागील ‘टिक’ पडली तेव्हाची वेळच कर्नेल वापरीत आला. सेकंदाला २५० टिक असतील तर दोन टिकांमध्ये ४ मिलिसेकंदांचे अंतर असते. १०० असतील तर १० मिलिसेकंदांचे. या अवधीत एका फाईलमध्ये दहा बदल झाले तरी दहांचीही वेळ एकच. नेटवर्कवरून ती फाईल वाचणारा दुसरा संगणक मात्र, वेळ बदललेली नाही म्हणजे मजकूरही बदललेला नाही, असे गृहीत धरून आपल्याजवळील जुनी प्रतच पुढे करू शकतो. म्हणजे वाचणाऱ्याच्या हाती शिळा मजकूर पडतो आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

यावर जेफ लेटन यांनी योजलेला उपाय कल्पक आहे. फाईलची वेळ कोणी विचारून गेले असेल, तरच तिच्यातील पुढच्या बदलाला सूक्ष्म घड्याळाची वेळ द्यायची. कोणी विचारलेच नसेल तर स्थूल वेळ पुरे. बहुसंख्य बदलांकडे कोणी पाहत नसल्याने खर्चही वाचतो. तथापि २०२३ मध्ये कर्नेलच्या ६.६ आवृत्तीसाठी ही योजना स्वीकारल्यावर तिच्यातील दोष उघड झाला. समजा, टिक पडल्यानंतर ३ मिलिसेकंदांनी ‘अ’ फाईल बदलली. तिची वेळ आधी विचारली गेली असल्याने तिला सूक्ष्म वेळ मिळाली. त्यानंतर लगेच ‘ब’ फाईल बदलली. तिची वेळ कोणी विचारली नव्हती, म्हणून तिला मागील टिकेची स्थूल वेळ मिळाली. परिणामी नंतर बदललेली ‘ब’ कागदोपत्री आधीची ठरली. कोणती फाईल नवी हे केवळ वेळेवरून ठरविणारे ‘मेक’सारखे प्रोग्राम अशा ठिकाणी हमखास फसतात. आवृत्ती प्रसिद्ध होण्यापूर्वीच ही योजना मागे घेण्यात आली.

मुंबईकरांनी असा घोळ अर्धशतक सोसला आहे. १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी तिच्यापेक्षा ३९ मिनिटांनी मागे असलेली ‘मुंबई वेळ’ त्या शहरात १९५५ पर्यंत टिकून होती. दोन्ही घड्याळे आपापल्या जागी बरोबरच होती. एका घड्याळावरील नोंद दुसऱ्यावरील नोंदीशेजारी मांडली की घोटाळा होई. कर्नेलमध्ये नेमके हेच घडले होते.

जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६.१३ आवृत्तीत ही योजना सुधारून परत आली. आता एखाद्या फाईलला सूक्ष्म वेळ दिली की ती वेळ साऱ्या कर्नेलसाठी किमान मर्यादा ठरते. त्यानंतरची कोणतीही स्थूल नोंद तिच्या मागे जाऊ शकत नाही. वरील उदाहरणातील ‘ब’ला आता निदान ‘अ’ची वेळ तरी मिळते. अचूकता आणि क्रम यांत निवड करण्याचा प्रसंग आला तेव्हा कर्नेलकारांनी क्रम राखला, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तो निर्णय योग्यच होता.

आक्षेप आहे तो वेगळा. नऊ अंक आजही तसेच छापले जातात. त्यांतील कोणती नोंद सूक्ष्म आणि कोणती स्थूल, हे ती वाचणाऱ्याला कळण्याची सोय नाही. शिवाय ही मर्यादा फाईल आणि फाईल यांच्यापुरतीच आहे. एखाद्या प्रोग्रामने आधी थेट घड्याळ वाचले आणि मग फाईल लिहिली, तर फाईलवरील वेळ अजूनही घड्याळाच्या मागे दिसू शकते. आणि घड्याळच मागे सरकविले तर क्रमाची हमीही संपते. आमच्या प्रयोगशाळेत एका संगणकाची सीएमओएस बॅटरी उतरली होती. वीज जाऊन आली की तो वीस वर्षे मागे जाई. त्यावर केलेला एका विद्यार्थिनीचा प्रकल्प तारखेनुसार तिच्या शालेय वयातील ठरला, आणि बाह्य परीक्षकांना ते समजावून सांगताना प्रस्तुत लेखकाची पुरेवाट झाली. तेथे कर्नेलचा काहीच दोष नव्हता. त्याने क्रम इमानेइतबारे राखला होता. त्याला सांगितलेली वेळच खोटी होती.

लायगोच्या शास्त्रज्ञांनी हा धोका पत्करलेलाच नाही. त्यांच्या यंत्रातील मुख्य संकेत सेकंदाला १६३८४ वेळा मोजला जातो आणि ते मोजमाप जीपीएस उपग्रहांच्या वेळेशी बांधलेले असते. मोजमापांच्या फाईलच्या नावातच तिच्या आरंभाचा जीपीएस सेकंद लिहिलेला असतो. पहिल्या लहरीचा सेकंद होता ११२६२५९४६२. त्या फाईलवर कर्नेलने कोणती वेळ उमटविली, हे तेथे कोणी पाहत नाही.