रासायनिक उदाहरणांतील 'आणि'

'जस्त हे चांदी आणि तांबे यांना विस्थापित करते', ही वाक्यरचना व्याकरणदृष्ट्या शुद्ध असली तरी गणिताला अपुरी आहे. 0.2 मोल सिल्व्हर नायट्रेट व 0.1 मोल कॉपर नायट्रेट यांच्या मिश्र द्रावणात 0.1 मोल जस्त घातले असता 21.6 ग्रॅम चांदी सुटते. तांबे जवळजवळ सुटतच नाही. 'आणि'वर विसंबून जस्ताची समान वाटणी करणारा विद्यार्थी मात्र 10.8 ग्रॅम चांदी व 3.2 ग्रॅम तांबे असे उत्तर काढील. उल्हासनगरच्या महाविद्यालयांतून अंबरनाथ-बदलापूरच्या रासायनिक कारखान्यांत जाणाऱ्या पदवीधराच्या हाती मिश्र द्रावणाचा असा हिशेब आल्यास ही चूक परीक्षेपुरती राहणार नाही. पूर्वकालवाचक 'ऊन' मराठीत उपलब्ध आहेच. 'चांदी पूर्ण सोडवून जस्त उरल्यास तांबे' असे लिहिले, की क्रम आणि अट दोन्ही स्पष्ट होतात.