रोहिणीशकटभेद व कालनिर्णय

रोहिणीशकट भेदूं पाहणाऱ्या शनीस दशरथ राजानें अडविलें, ही पद्मपुराणांतील कथा प्रसिद्ध आहे. ती आकाशांत प्रत्यक्ष घडलेल्या ग्रहयोगाची स्मृति होय असें धरून, तो योग गणितानें मागें नेऊन दशरथाचा काल ठरविण्याचा प्रयत्न वारंवार करण्यांत येतो. या पद्धतीचें परीक्षण करणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम आकाशस्थिति पाहूं. रोहिणी ही सुमारें 65 प्रकाशवर्षें दूर असलेली, नारिंगी वर्णाची राक्षसी तारा होय. तिच्यासह पांच तारांची गाड्यासारखी जी आकृति दिसते, तें शकट. रोहिणी क्रांतिवृत्ताच्या दक्षिणेस सुमारें 5½ अंश, तर शकटाची उत्तरेकडील तारा 2½ अंशांहून किंचित् अधिक आहे. वृषभाच्या सतराव्या अंशीं ज्या ग्रहाचा दक्षिण शर 2 अंशांहून अधिक, तो शकट भेदितो, असें सूर्यसिद्धान्त सांगतो. चंद्राचा शर 5 अंशांपर्यंत जातो, म्हणून त्यास हें साधतें. शनीचा शर तेथें सांप्रत 2 अंशांच्या आंतच राहतो, इ. स. 2001 मध्यें तो शकटाच्या उत्तरेकडूनच गेला.

ही गोष्ट आपल्या ज्योतिष्यांस अज्ञात नव्हती. कोंकणांतील नांदगांवचे गणेश दैवज्ञ यांनीं शके 1442 च्या ग्रहलाघवांत स्पष्ट म्हटलें आहे कीं, राहु पुनर्वसूपासून आठ नक्षत्रांत असतां चंद्र शकट भेदितो. मंगळ व शनि यांचा भेद मात्र युगांतरींचा, त्यांचे पात सध्यां आहेत तेथें असतां तो होत नाहीं.

मग कथेवरून काल निघतो काय? बृहत्संहितेंत शनीबरोबर मंगळ व धूमकेतु यांचाही भेद अनिष्ट म्हणून सांगितला आहे. अर्थात् 'असें झाल्यास' या स्वरूपाचें तें फलवचन आहे. घडलेल्या गोष्टीची नोंद नव्हे. चंद्राचा भेद दृष्टीस पडत असल्यामुळें तीच कल्पना पापग्रहांस लावली गेली असावी, असें आम्हांस वाटतें. शिवाय कथेप्रमाणें भेद टळला. जो घडलाच नाहीं, त्याचा काल गणित कोठून देणार?

कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहींत, या शतपथब्राह्मणांतील वचनावरून कै. शं. बा. दीक्षित यांनीं केलेलें अनुमान याहून निराळें आहे. त्याविषयीं मतभेद होऊं शकेल. परंतु तेथें प्रत्यक्ष स्थितीचें वर्णन तरी आहे. वर्णन आणि भीति यांतील हा फरक कालनिर्णय करणाऱ्यांनीं आधीं पाहावा, एवढीच आमची विनंती आहे.