‘वैमानिकाची चूक’ म्हटले की विचार थांबतो

विमान अपघाताची बातमी आली की काही दिवसांतच वर्तमानपत्रांतून दोन शब्द झळकतात : ‘वैमानिकाची चूक’. वाचणाऱ्याचे समाधान होते. दोषी सापडला, प्रकरण मिटले! पण विज्ञान शिकवणाऱ्याने इथेच थांबून चालेल काय? प्रयोग फसला तर आपण ‘विद्यार्थी चुकला’ एवढे लिहून वही मिटत नाही. कोठे फसला, का फसला हे शोधतो. माणसाच्या चुकीलाही कारणे असतात आणि ती शोधता येतात.

या दृष्टीने शिक्षकांनी वाचावे असे एक इंग्रजी पुस्तक म्हणजे डॉ. अतुल गावंडे यांचे ‘द चेकलिस्ट मॅनिफेस्टो’ (२००९). लेखक अमेरिकेत शल्यचिकित्सक आहेत; त्यांचे वडील मूळचे विदर्भातले. पुस्तक शस्त्रक्रियेबद्दल असले तरी त्याचा कणा विमानविद्येतून आला आहे.

त्यातली पहिली महत्त्वाची कथा १९३५ सालची. अमेरिकी सैन्यासाठी बोइंगने बनवलेले नवे चार इंजिनांचे बाँबफेकी विमान चाचणीच्या वेळी उडाले, वर चढले आणि कोसळले. दोघे दगावले. यंत्रात बिघाड नव्हता. जमिनीवर असताना विमानाची हलती पाती वाऱ्याने हलू नयेत म्हणून त्यांना खीळ घालतात. ती काढायची राहून गेली होती. चालवणारा वैमानिक नवशिका नव्हता, उलट अत्यंत अनुभवी होता. ‘एका माणसाला झेपणार नाही असे हे विमान’ अशी टीका झाली. वैमानिकांनी त्यावर काढलेला उपाय साधा होता : उड्डाणापूर्वी, उतरण्यापूर्वी काय काय पाहायचे याची छोटी यादी. पुढे ही विमाने १८ लाख मैल अपघाताविना उडाली आणि सैन्याने जवळपास १३ हजार विमाने घेतली.

गावंडे यांनी हीच युक्ती शस्त्रक्रियागृहात नेली. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांच्या गटाने तयार केलेली यादी आठ शहरांतील आठ रुग्णालयांत वापरली गेली. मोठ्या गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आणि मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यावर आले. यादी कशी असावी हेही ते नेमके सांगतात. बाबी पाच ते नऊ असाव्यात, मिनिट-दीड मिनिटात वाचून व्हाव्यात आणि जे विसरले तर जीव जाईल तेवढेच त्यात असावे. स्वतःच्या हातून शस्त्रक्रियेत झालेली गंभीर चूक त्यांनी लपवलेली नाही. हा प्रामाणिकपणा पुस्तकाचे मोल वाढवतो.

तरीही पुस्तक मिटताना माझ्या मनात एक शंका राहिली. चुका एकाच जातीच्या असतात काय? ठाऊक असून विसरणे ही एक जात. परिस्थितीची समजूतच चुकणे ही दुसरी. ठाऊक असून नियम मोडणे ही तिसरी. यादीचे औषध पहिल्या जातीला रामबाण आहे. दुसरीचे काय?

याचे उदाहरण आपल्याच किनाऱ्यावरचे आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे जंबो विमान मुंबईहून दुबईला निघाले आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. विमानातले सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले. विमान कोणत्या बाजूला किती कलले आहे ते दाखवणारे कप्तानापुढचे यंत्र बिघडले होते. वळण संपले तरी ते विमान उजवीकडे कललेले दाखवत राहिले. कप्तानाने सावरण्यासाठी विमान डावीकडे वळवले आणि ते डावीकडे कलतच गेले. शेजारचे यंत्र आणि राखीव यंत्र बरोबर होते. त्या बिघडलेल्या यंत्रावर जाऊ नका, असे फ्लाइट इंजिनिअरने बजावल्याचे ध्वनिमुद्रणात आहे. तोवर वेळ उरली नव्हती. चौकशीच्या निष्कर्षात कप्तानाने नियंत्रणे अविवेकाने फिरवली, अशा अर्थाचा शब्द आला.

‘अविवेक’ हा शब्द मला खटकतो. अमावास्येच्या सुमारास केळव्याच्या सुरूच्या बनातून बाहेर येऊन समुद्राकडे पाहा. क्षितिज दिसत नाही. लांबच्या होड्यांचे दिवे कोणते आणि चांदण्या कोणत्या हे उमगत नाही. तिथे निदान पायाखाली वाळू असते. विमानात तीही नाही. शरीराचा तोल सांगणाऱ्या आतल्या कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांना संथ, एकसारखे वळणे जाणवत नाही. त्या केवळ वळण्याच्या वेगातला बदल ओळखतात.

हे वर्गात दाखवता येते. फिरत्या खुर्चीवर विद्यार्थ्याचे डोळे बांधून त्याला एकसारख्या संथ गतीने फिरवावे. (दोघांनी बाजूला उभे राहून सांभाळावे.) थोड्या वेळाने तो ‘खुर्ची थांबली’ असे सांगू लागतो. खरोखर थांबवली की ‘उलटी फिरते आहे’ म्हणतो. तो खोटे बोलत नसतो, त्याचा कान त्याला तसे सांगत असतो. अशा माणसापुढचे यंत्रही खोटे बोलू लागले, तर त्याच्या कृतीला तर्क असतोच, फक्त आधार चुकीचा असतो. अशा वेळी यादी वाचायला सवड नसते. उपयोगी पडते ती एका यंत्राची दुसऱ्याशी पडताळणी करण्याची हाडीमाशी भिनलेली सवय आणि शेजाऱ्याचा वेळेवर, स्पष्ट उच्चारलेला शब्द.

दुसरे उदाहरण औरंगाबादचे. २६ एप्रिल १९९३ रोजी इंडियन एअरलाइन्सचे बोइंग विमान उड्डाण करताना धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावरील ट्रकला धडकले. ११८ पैकी ५५ जण दगावले. चौकशीत दोन कारणे नोंदली गेली : वैमानिकांनी विमानाचे नाक उशिरा व चुकीच्या पद्धतीने उचलले, आणि विमानतळ प्राधिकरणाने उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरची वाहतूक रोखली नाही. ‘वैमानिकाची चूक’ म्हटले की दुसरे कारण दृष्टीआड होते. पण पुढच्या वैमानिकाला वाचवणारे तेच आहे. माणूस कधीतरी उशीर करणारच. रस्त्यावर ट्रक असता कामा नये.

यादीच्या बाबतीत एक इशारा पुस्तकानंतर मिळाला. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात शस्त्रक्रियेची यादी सक्तीची झाली. १०१ रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा मृत्यूंत लक्षणीय घट आढळली नाही. कागद तोच, मग फरक का? पुरेसे प्रशिक्षण न देता लादलेली यादी खुणा करण्यापुरती उरते, असे काहींचे म्हणणे. तक्ते भरून पाठवण्याचा अनुभव असलेल्या शिक्षकांना हे वेगळे समजावून सांगायला नको!

गावंडे यांना याची जाण नाही असे नाही. यादीची सुरुवात परिचारिकेने करावी, सर्वांनी आधी आपली नावे सांगावीत, असे ते सुचवतात, कारण एकदा तोंड उघडलेला माणूस पुढेही बोलतो. मात्र माणसे गप्प का बसतात, या प्रश्नाला पुस्तकात हवी तेवढी जागा मिळालेली नाही. माझ्या मते खरा गाभा तोच आहे.

याची किंमत मी मोजता मोजता वाचलो. काही वर्षांपूर्वी आठवीचा वर्ग घेऊन ओहोटीच्या वेळी केळव्याच्या पाणकोटाकडे गेलो होतो. परतताना मी मोजणी केली : ४२. बरोबर! निघालो. बरेच अंतर आल्यावर एक मुलगी हळूच म्हणाली, ‘‘सर, एक मुलगा मागे राहिलाय.’’ मी घाईत कोणाला तरी दोनदा मोजले होते. धावत गेलो. कोटाभोवती भरतीचे पाणी चढू लागले होते आणि तो भिंतीआड शिंपले गोळा करत होता. मुलगा सुखरूप आला. नंतर मी तिला विचारले, ‘‘तुला आधीच कळलं होतं ना? मग बोलली का नाहीस?’’ ती म्हणाली, ‘‘तुम्ही मोजलं होतं ना, सर.’’

त्या उत्तरात किती अपघातांचे मूळ आहे! १९७७ मध्ये तेनेरीफ बेटावर दोन जंबो विमाने धावपट्टीवर आदळून ५८३ जण मेले, तेव्हाही समोरचे विमान धावपट्टीवरून गेले नसावे अशी शंका फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. ज्येष्ठ कप्तानाने ती झटकली. त्यानंतर वैमानिकांना एकमेकांना शंका विचारण्याचे आणि ती ऐकून घेण्याचे रीतसर शिक्षण देण्यास सुरुवात झाली.

आता आमच्या सहलीलाही यादी असते, पाचच बाबींची. ती मी वाचत नाही, एक विद्यार्थी वाचतो. मोजणी दोघे वेगवेगळी करतात. कोणीही ‘थांबा’ म्हटले की सर्वांनी थांबायचे, सरांनीसुद्धा. शंका खोटी ठरली तरी विचारणाऱ्याला हसायचे नाही. शेवटचा नियम पाळायला सर्वांत अवघड, आणि तो आम्हा शिक्षकांसाठीच आहे.

पुस्तक अवश्य वाचावे. इंग्रजी सोपे आहे. मात्र वाचल्यावर यादी करण्यापूर्वी आपल्या वर्गात ‘सर, तुम्ही चुकलात’ असे शेवटचे कोणी आणि कधी म्हटले होते, ते आठवून पाहावे.