जेन एअरचा जमाखर्च

शार्लट ब्राँटी यांची ‘जेन एअर’ ही कादंबरी १८४७ साली ‘करर बेल’ या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’ या नियतकालिकात एलिझाबेथ रिग्बी या विदुषीने तिच्या नायिकेस गर्विष्ठ आणि कृतघ्न ठरविले. पोरक्या, रूपाने साधारण अशा शिक्षिकेने मालकाशी बरोबरीच्या नात्याने बोलावे, हे त्या काळच्या सभ्य समाजास रुचण्यासारखे नव्हतेच. आपल्याकडील वाचक मात्र ही कादंबरी बहुधा प्रेमकथा म्हणूनच ओळखतात.

आमची उभी हयात सरकारी कचेरीत पगारपत्रके आणि सेवापुस्तके तपासण्यात गेली. त्या सवयीमुळे असेल, पण परवा ही कादंबरी पुन्हा वाचताना आमची नजर प्रेमसंवादांपेक्षा आकड्यांवरच अधिक खिळली. लोवुडच्या शाळेत जेनला वर्षाला १५ पौंड मिळत, थॉर्नफील्डला ३०. मरणासन्न मामीस भेटण्यासाठी ती रजा मागते, तेव्हा रॉचेस्टर तिच्यापुढे ५० पौंडांची नोट धरतो. तिचे येणे असते १५. ती नोट नाकारते. मग तो १० पौंड देतो, आणि अजून ५ पौंड येणे आहेत, याची ती त्याला आठवण करून देते! प्रसंग विनोदाच्या अंगाने लिहिला आहे खरा. पण मालकावर प्रेम करणाऱ्या स्त्रीचा स्वाभिमान कोठे पणास लागतो, हे लेखिकेने येथे अचूक हेरले आहे.

विवाह ठरल्यावर रॉचेस्टर तिला रेशमी वस्त्रांनी आणि जडजवाहिराने मढवू पाहतो. तिला त्यात अपमान वाटतो. ॲडेलची शिकवणी आपण पुढेही चालू ठेवू आणि त्याच ३० पौंडांतून आपले कपडे करू, असे ती त्याला बजावते. आपले स्वतःचे थोडे तरी द्रव्य असावे म्हणून ती मदिरा बेटावरील काकांना पत्र लिहिते. त्या पत्रामुळेच विवाहाची वार्ता रॉचेस्टरच्या हयात पत्नीच्या भावास कळते आणि विवाह चर्चमध्ये, ऐन विधीच्या वेळी थांबतो. कथानकाची सारी कलाटणी एका स्त्रीच्या स्वतंत्र मिळकतीच्या इच्छेतून येते, याचा उल्लेख आमच्या वाचनात फारसा आलेला नाही.

घर सोडताना ती रॉचेस्टरने दिलेला मोत्यांचा हार मागे ठेवते. जवळ असतात अवघे २० शिलिंग. पुढे काकांचे २०,००० पौंड मिळतात, तेव्हा ती आपल्या तीन आतेभावंडांसह त्यांचे चार समान वाटे करते. त्यांतीलच सेंट जॉन तिला हिंदुस्थानी भाषा शिकवून मिशनकार्यासाठी इकडे आणू पाहतो. बहीण म्हणून येण्यास ती तयार होते, पत्नी म्हणून नाही.

इतक्या चोख नायिकेविषयी आमची एक तक्रार उरते. १८७० चा कायदा होईपर्यंत इंग्लंडात विवाहितेच्या कमाईवरही पतीचाच हक्क असे. आपल्याकडे स्त्रीधनाची कल्पना निदान शास्त्रात तरी होती. माडीवर कोंडलेल्या बर्थाबरोबर जमैकाहून ३०,००० पौंड आले होते, हे रॉचेस्टर स्वतःच जेनला सांगतो. त्या वेड्या स्त्रीविषयी निर्दयपणे बोलू नये, असे ती त्याला सुनावतेही. पण त्या रकमेचे पुढे काय झाले, हे पाच पौंडांची बाकी लक्षात ठेवणारी जेन त्याला एका शब्दानेही विचारीत नाही.