वाळवंटातून बागेकडे

एका अनुक्रमणिकेवर मी आठवडाभर अडकून आहे. सहाच शीर्षके आहेत. निर्मिती आणि करार. भाकीत आणि वचन. गॅलिलीहून जेरुसलेमला. वाळवंटातून बागेकडे. पृथ्वीच्या टोकांपर्यंत. संवाद आणि भेट. एखाद्या खंडकाव्याच्या सर्गांची नावे वाटावीत, अशी ही नावे पाच-सहा वर्षांच्या मुलांनाही शिकवायच्या अभ्यासक्रमाची आहेत. इंग्लंड आणि वेल्सच्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०२३ मध्ये आपल्या शाळांसाठी धर्मशिक्षणाची नवी निर्देशिका काढली. तिचे नाव ‘टू नो यू मोअर क्लिअरली’. तीन वर्षांच्या मुलांपासून चौदा वर्षांच्या मुलांपर्यंत कोणत्या वर्गात काय शिकवायचे, ते तिने ठरवून दिले आहे. शासकीय थाटाच्या अशा कागदांत सहसा न आढळणारी भाषेची जाण मला तिच्यात दिसते.

सुरुवात नावापासूनच करू. हे नाव चिचेस्टरचे तेराव्या शतकातले बिशप संत रिचर्ड यांच्या नावावर चालत आलेल्या एका प्रार्थनेची आठवण करून देते. त्या प्रार्थनेत मागणी तिहेरी आहे: तू मला अधिक स्पष्ट कळावास, माझे तुझ्यावरचे प्रेम वाढावे, आणि मी तुझ्या अधिक जवळून चालावे. निर्देशिकेने यातली पहिली मागणी उचलली. प्रेम आणि अनुसरण या दोन गोष्टी वेळापत्रकात बसवता येत नाहीत. कळणे मात्र शिकवता येते, तपासता येते, पुढच्या वर्षी आणखी खोल नेता येते. शाळेने आपली हद्द मुखपृष्ठावरच आखून घेतली आहे, असे मी या नावाचे वाचन करते.

आता सर्ग. इंग्लंडमध्ये शाळा सप्टेंबरात सुरू होते आणि वर्षाची सहा अर्धसत्रे पडतात. एकेका अर्धसत्राला एकेक शाखा. पहिली ‘निर्मिती आणि करार’ तिथल्या सुगीच्या दिवसांत येते. सभागृहात भोपळे, सफरचंदे आणि डबाबंद अन्नाच्या राशी लागलेल्या असतात, तेव्हा मुले जग कसे घडले ते ऐकत असतात. ‘करार’ हा शब्द आपल्याकडे ‘जुना करार’, ‘नवा करार’ या नावांमुळे ओळखीचा आहे. त्याच्या शेजारी ‘निर्मिती’ ठेवली की जग नुसते घडवून सोडून दिलेले नाही, त्याच्याशी नाते जोडलेले आहे, हे दोन शब्दांत कळते. दुसरी शाखा नाताळच्या आधीच्या आगमनकाळात येते. आणि मग शीर्षकांची चाल बदलते. ‘आणि’ जाऊन ‘हून’ आणि ‘कडे’ येतात. कथेला पाय फुटतात.

चौथ्या शीर्षकापाशी मी सर्वांत जास्त रेंगाळले. वाळवंट म्हणजे येशूचे चाळीस दिवसांचे वाळवंट. त्याच्या आठवणीने वसईच्या ख्रिस्ती घरांत ज्याला उपवासकाळ म्हणतात तो पाळला जातो. बाग कोणती? योहानाच्या शुभवर्तमानात येशूला अटक होते ती बागेत. त्याला पुरतात तेही बागेतल्या थडग्यात. तिसऱ्या दिवशी पहाटे मग्दालिया मरिया तिथे रडत उभी असते, समोर आलेला माणूस तिला माळी वाटतो, आणि त्याने तिचे नाव उच्चारल्यावर तिला ओळख पटते. शिवाय या तिन्हींच्या मागे उत्पत्तीच्या पुस्तकातली पहिली बाग आहे, माणूस जिथून बाहेर पडला ती. एवढे सगळे ‘बाग’ या एका शब्दात साठवले आहे. आणि शब्द असा, की तो सात वर्षांच्या मुलाला समजावून द्यावा लागत नाही. माती, गांडूळ, कुंडीत पेरलेला वाल त्याला ठाऊक असतो. ‘पुनरुत्थान’ हा शब्द त्याला पुढे कधीतरी कळेल. तोवर बाग पुरेशी आहे.

तिथल्या कॅथलिक प्राथमिक वर्गांत कोपऱ्यात एक छोटे प्रार्थनेचे टेबल असते. त्यावरचा कपडा उपवासकाळात जांभळा असतो, पुनरुत्थानाच्या सणाला पांढरा होतो आणि सामान्य काळात हिरवा. ज्या मुलाला अजून इंग्रजी वाचता येत नाही, त्यालाही कपडा बदललेला दिसतो. वर्षाचा आराखडा असा डोळ्यांना दिसणारा असावा, ही या अभ्यासक्रमाची मला सर्वांत आवडलेली गोष्ट.

सहा शाखा दरवर्षी त्याच क्रमाने येतात. रिसेप्शनच्या, म्हणजे पहिलीच्या आधीच्या, वर्गापासून सहावीपर्यंत सात वर्षे, म्हणजे सात फेरे. आपल्या घरांत पोथीचे पारायण दरवर्षी होते आणि तीच ओवी दरवर्षी वेगळी लागते, तसेच हे. वयाच्या चौथ्या वर्षी ‘तारा’ ऐकणारे मूल अकराव्या वर्षी ‘भाकीत’ ऐकते.

पण एका धर्माचा हा अभ्यासक्रम वर्गातल्या सगळ्या मुलांना सामावून कसा घेतो, याचे उत्तर मला शीर्षकांत सापडले नाही. ते सापडले क्रियापदांत. प्रत्येक शाखेत मुलाने काय शिकावे याचे तीन टप्पे आहेत: समजणे, पारखणे, प्रतिसाद देणे. पहिल्या दोन टप्प्यांत भाषा ठाम आहे. मुलांना अमुक माहीत असेल, तमुक सांगता येईल. तिसऱ्या टप्प्यावर आले की क्रियापद बदलते. तिथे मुलांना प्रतिसादासाठी निमंत्रण दिले जाईल, असा सूर आहे, आणि पुढची यादी ‘उदाहरणार्थ’ म्हणून येते. निमंत्रणाला गुण देता येत नाहीत. ते नाकारले तरी मूल नापास होत नाही. तिथल्या वर्गात केरळच्या परिचारिकेचे मूल असते, पोलंडहून आलेले असते, मुसलमान घरातले असते, कोणताच धर्म न मानणाऱ्या घरातलेही असते. शिकवणाऱ्या बाईही कॅथलिक असतीलच असे नाही. या सगळ्यांना एका बाकावर बसवणारी गोष्ट म्हणजे हा क्रियापदातला बदल. समावेशाची मोठी घोषणा देण्यापेक्षा व्याकरणात केलेली ही तडजोड मला जास्त खरी वाटते. खरे तर ती तडजोडही नाही; आग्रह धरायचा कशाचा आणि निमंत्रण द्यायचे कशाचे, हे नीट कळल्याची ती खूण आहे.

शाळेचा सगळा अभ्यासक्रम व्यापक असावा, हे बंधन कायद्याचेही आहे. १९८८ पासून तिथल्या कायद्याला समतोल आणि विस्तृत पायाचा अभ्यासक्रम हवा आहे, आणि मुलाच्या वाढीचे पैलू मोजताना तो आध्यात्मिक वाढीलाही जागा देतो. बिशपांची अट अशी की शिकवण्याच्या वेळेतला दहावा हिस्सा धर्मशिक्षणाला मिळावा. आठवड्याचे पंचवीस तास धरले तर अडीच तास. उरलेल्या साडेबावीस तासांत गणित, विज्ञान, इतिहास, चित्रकला. दोन्ही बाजूंना चांगली शिक्षिका जोडून घेते, हे वेगळे सांगायला नको.

एक गोष्ट मात्र मला खटकते. ‘संवाद आणि भेट’ ही शाखा शेवटची आहे. तिच्यात आधी चर्चमधलेच वेगवेगळे प्रवाह येतात, मग इतर ख्रिस्ती पंथ, यहुदी धर्म आणि इतर धर्म. जवळून लांब जाणारी वर्तुळे. कल्पना सुंदर आहे. पण जून-जुलैत क्रीडादिन असतो, सहल असते, सहावीचा निरोप असतो. शेजाऱ्याच्या धर्माला नेमके तेच आठवडे यावेत, हे चांगले नाही. त्या भेटीचे दोन तास तरी पानगळीच्या दिवसांत हवेत.

ही निर्देशिका वाचताना मला विल्टशर परगणा सारखा आठवत राहिला. तिथल्या स्विंडन शहरात गोव्याच्या कुटुंबांची मोठी वस्ती आहे, आणि त्यांची कॅथलिक शाळांत जाणारी मुले हेच सहा सर्ग शिकतात. त्याच परगण्यातले बुश्टन हे फादर थॉमस स्टीफन्सचे गाव मानले जाते. इंग्लंडमध्ये कॅथलिक असणे धोक्याचे होते त्या काळात तो बाहेर पडला, १५७९ मध्ये गोव्याला पोचला, आणि त्याने ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत रचले. १६१६ मध्ये ते रोमन लिपीत छापले गेले. त्यानेही निर्मितीपासून सुरुवात केली, करारांचे दोन भाग केले, स्वर्गाला वैकुंठ म्हटले. ऐकणाऱ्याच्या भाषेत शिकवावे, हे त्याला पुरते कळले होते. पण भोवती देवळे पाडली गेली होती, १५६० पासून इन्क्विझिशन होते. ऐकणाऱ्याला ‘नको’ म्हणायची सोय नव्हती. तशीच ती स्टीफन्सच्या गावी त्याच्या स्वतःच्या धर्माच्या माणसांनाही नव्हती.

आज स्विंडनच्या एखाद्या वर्गात प्रतिसादाचे पान समोर येते. गोव्याचे पोर बागेतला माळी काढते आणि त्याच्या हाती झारी देते. शेजारचे मूल थोडा वेळ खिडकीबाहेर बघते, काहीच काढत नाही. बाई दोघांचीही पाने गोळा करतात.